दोन गुणांची आर्द्रता

सापेक्ष आर्द्रतेची व्याख्या तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. हवेच्या ठरावीक आकारमानात प्रत्यक्ष असलेले बाष्प आणि त्याच तपमानाला ती हवा संपृक्त करण्यास लागणारे बाष्प यांचे गुणोत्तर. त्याला शंभराने गुणले की टक्केवारी मिळते आणि परीक्षेत दोन गुण मिळतात. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलामुलींना ही व्याख्या बिनचूक येते. पण त्यांनाच ऑक्टोबरात विचारावे, "तुमच्या घरचे सोयाबीन आज सवंगायचे की परवा?" की उत्तर येते, "ते बाबा ठरवतात, सर." माझी तक्रार आहे ती या उत्तराविषयी. घरात वर्षाच्या मिळकतीचा निर्णय चालू असतो, त्या निर्णयाचे सगळे पदार्थविज्ञान दप्तरात असते आणि दोघांची गाठ पडत नाही.

आमचा समुद्रपूर तालुका वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय भागात आहे. नावात समुद्र असला तरी खरा समुद्र पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. जमीन काळी, पिके कापूस, सोयाबीन, तूर आणि पाठोपाठ हरभरा. आमच्याकडे वर्षानुवर्षे पेरले गेलेले 'जेएस ३३५' हे सोयाबीनचे वाण ९५ ते १०० दिवसांत तयार होते. जूनच्या अखेरीस पेरले तर दिवस मोजून पाहा, पीक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कापणीला येते. सूर्य हस्तात जातो २७ सप्टेंबरच्या सुमारास, चित्रात १० ऑक्टोबरच्या आणि स्वातीत २४ ऑक्टोबरच्या. म्हणजे 'हत्तीचा पाऊस' आणि सोयाबीनची सवंगणी ही एकाच दारातून, एकाच वेळी, उलट दिशांनी जाणारी माणसे आहेत. धक्काबुक्की व्हायचीच.

त्यातच पावसाच्या परतीच्या तारखाही बदलल्या. हवामान खात्याने २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य राजस्थानातून परतीच्या प्रवासाची सुरुवात पूर्वी १ सप्टेंबर मानत, ती आता १७ सप्टेंबर मानतात. जुने लोक "पूर्वी या दिवसांत आभाळ मोकळे असायचे" असे म्हणतात, ते नुसते म्हाताऱ्यांचे गाऱ्हाणे नव्हे.

आता माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. २०१९ साली पाऊस उशिरा आला, पेरण्या लांबल्या आणि सवंगणी दिवाळीला टेकली. माझ्या मामांनी मला विचारले, "बाबू, पाहून सांग बरं, पानी हाय का?" मी मोबाइलवर अंदाज पाहिला. लिहिले होते, विदर्भात तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "तुरळक म्हणजे नसल्यासारखाच. सवंगून घ्या." त्यांनी सवंगले. मळणीयंत्राची पाळी चार दिवसांनी होती, तोवर कापलेले पीक वावरात ढिगाऱ्यांनी पडून राहिले. तिसऱ्या रात्री पाऊस आला. पुढचे काही दिवस आभाळ उघडले नाही. ढिगांच्या तळाच्या शेंगांत दाण्यांना मोड आले, वरचे दाणे काळे पडले. मी अंदाजाची बाजू मांडू लागलो तेव्हा मामा म्हणाले, "तुयं सारं बराबर असन, बाबू, पन पानी तं माह्याच वावरात आला ना!"

त्या ऑक्टोबरात अरबी समुद्रात 'क्यार' हे चक्रीवादळ होते आणि राज्यभर लाखो शेतकऱ्यांचे पीक भिजले, हे खरे. पण माझी चूक वादळाने केलेली नव्हती. अंदाज चुकला नव्हता, मी तो वाचायला चुकलो होतो. कसा, ते पाहू.

हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' या शब्दांना नेमका अर्थ आहे. त्या विभागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडणे म्हणजे 'तुरळक ठिकाणी'. २६ ते ५० टक्के म्हणजे 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ टक्के म्हणजे 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्याहून अधिक म्हणजे 'बहुतेक ठिकाणी'. आपल्या बोलण्यातला 'तुरळक' म्हणजे जवळजवळ नाहीच. खात्याचा 'तुरळक' म्हणजे चारांत एकापर्यंत! गिरडला कोरडे आणि जामला धो-धो, असे झाले तरी तो अंदाज खराच ठरतो.

याहून मोठी चूक पुढे आहे आणि ती गणिताची आहे. समजा, आपल्या वावरावर एका दिवशी पाऊस पडण्याची शक्यता २० टक्के आहे. ही फार वाटत नाही. पण कापलेले पीक एक दिवस नव्हे, चार दिवस उघड्यावर पडणार होते. चारही दिवस कोरडे जाण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ०.४१. तेव्हा चार दिवसांत एकदा तरी भिजण्याची शक्यता झाली ५९ टक्के. (पावसाचे दिवस एकमेकांपासून अगदी स्वतंत्र नसतात, बहुधा जोडीने येतात, म्हणून खरा आकडा यापेक्षा थोडा कमी येईल. पण वीसच्या जवळपासही तो जाणार नाही.) मी मामांना एका दिवसाचे उत्तर दिले होते, त्यांचा प्रश्न चार दिवसांचा होता. हे गणित तुम्ही नाणेफेकीवर आणि फाशांवर शिकता. ते सोयाबीनवर का शिकू नये?

त्यातून निघणारा निर्णय असा की सवंगणीची तारीख एकट्या आभाळाकडे पाहून ठरवायची नाही, मळणीयंत्राच्या पाळीकडेही पाहून ठरवायची. उघड्यावर राहण्याचे दिवस चारावरून एकावर आणले, की जोखीम ५९ वरून २० वर येते आणि त्यासाठी आभाळाला काहीच बदलावे लागत नाही. यंत्र लवकर मिळत नसेल तर उभे पीक दोन दिवस ठेवणे बरे. उभ्या झाडावरच्या शेंगा पावसानंतर वाऱ्याने वाळतात, जमिनीला टेकलेल्या ढिगाला ती सोय नाही. अर्थात पीक अति वाळू दिले तर शेंगा तडकतात आणि दाणा जमिनीवर सांडतो, म्हणून थांबण्यालाही मर्यादा आहे. मजूर एकरी ठरवून बाहेरगावाहून येतात, ते आज आहेत आणि उद्या दुसऱ्या गावी असतील, हीही अडचण असते. निर्णय अवघड आहे हे मी नाकारत नाही. पण अवघड आहे म्हणूनच तो आकडे घेऊन करावा, असे माझे म्हणणे आहे.

ताडपत्रीचा प्रश्न मात्र मला तितका अवघड वाटत नाही. समजा, ताडपत्री आणि ती घालण्याची मजुरी मिळून १,००० रुपये लागतात आणि न घातल्यास पाऊस आला तर १०,००० रुपयांचे नुकसान होते. खर्चाला नुकसानीने भागा, उत्तर ०.१ येते. पावसाची शक्यता १० टक्क्यांहून अधिक असेल तर ताडपत्री घालणे फायद्याचे. नऊ वेळा घातलेली वाया गेली तरी दहाव्या वेळी सगळे वसूल होते. 'पाऊस येईल की नाही?' हा प्रश्न हवामानशास्त्रज्ञाचा आहे. शेतकऱ्याचा प्रश्न 'किती शक्यतेला मी किती खर्च करावा?' हा आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर शेतकऱ्याच्याच वहीत असते.

अंदाज नेमका का सांगता येत नाही, असे तुम्ही विचाराल. बंगालच्या उपसागराकडे पाहा. १३ ऑक्टोबर २०२० रोजी एक तीव्र कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ आंध्रच्या किनाऱ्यावर आला. त्याने हैदराबादला बुडवले आणि तो पश्चिमेकडे वळून सोलापूरच्या बाजूने थेट अरबी समुद्रात उतरला. २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री 'मोंथा' चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणम् आणि काकीनाडा यांच्या दरम्यान आले. हे मात्र जमिनीवर आल्यावर तेलंगणातून उत्तरेकडे, म्हणजे छत्तीसगड आणि पूर्व विदर्भाच्या दिशेने सरकले. दार एकच, पण एक पाहुणा डावीकडे गेला आणि दुसरा सरळ आमच्याकडे. जामच्या चौरस्त्यावर हैदराबादची वाहने येतात त्याच बाजूने वादळाचे ढगही येतात. पाच दिवस आधी त्या वळणाचा अंदाज थोडा चुकला, तरी आमच्यासाठी 'कोरडे' आणि 'चिंब' एवढा फरक पडतो.

आता पुन्हा त्या दोन गुणांच्या व्याख्येकडे येऊ. ऑक्टोबरातला एक निरभ्र दिवस घ्या. पहाटे तपमान २०° सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के आहे असे समजा. २०° ला संपृक्त बाष्पदाब असतो १७.५ मिलिमीटर पारा. त्याचे ९० टक्के म्हणजे सुमारे १५.८ मिलिमीटर. दुपारी तपमान ३३° झाले. हवेतले बाष्प तेवढेच आहे, पण ३३° ला संपृक्त बाष्पदाब ३७.७ मिलिमीटर. १५.८ भागिले ३७.७, म्हणजे ४२ टक्के. हवेतून पाण्याचा थेंबही बाहेर गेला नाही आणि आर्द्रता ९० वरून ४२ वर आली!

आमची शेतकरी मंडळी या भागाकाराप्रमाणेच वागतात, फक्त तो कागदावर मांडत नाहीत. वाळलेले सोयाबीन सकाळी, दव असताना सवंगतात, कारण तेव्हा शेंग लवचीक असते आणि तडकत नाही. मळणी दुपारी करतात, कारण तेव्हा ती तडकायलाच हवी असते. कापूस वेचणाऱ्या बाया दव उडाल्याशिवाय वेचणीला हात लावत नाहीत. पहिल्या वेचणीला 'सीतादही' करून कपाशीची पूजा होते, आणि त्या दिवशीही बोंड कोरडे झाले की नाही हे बोटांनी चाचपून पाहिले जाते. भिजलेल्या कापसाची कवडी होते, हे त्यांना शिकवायला प्राध्यापक लागत नाही.

पण बोटांनी आणि दातांनी मोजता येत नाही असेही काही आहे, आणि बाजार पैसे देतो ते नेमके त्याचेच. सोयाबीनचा दाणा दाताखाली कटकन फुटला की वाळला, ही पिढ्यान्पिढ्यांची कसोटी चांगली आहे. तरी १६ टक्के ओल आणि १२ टक्के ओल यांतला फरक दाताला कळत नाही. सरकारी खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात ती खास बाब म्हणून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, यावरूनच अडचण किती मोठी होती ते दिसते. कापसाचे प्रमाण ८ टक्के असून १२ पर्यंत भावात कपात करून घेतात.

याचा हिशेब मांडून पाहा. १० क्विंटल सोयाबीन आहे, ओल १८ टक्के. म्हणजे १८० किलो पाणी आणि ८२० किलो कोरडा दाणा. ओल १२ टक्क्यांवर आणली तर कोरडा दाणा तेवढाच राहतो, पण तो आता एकूण वजनाच्या ८८ टक्के होतो. ८२० भागिले ०.८८, म्हणजे ९३२ किलो. पाणी गेले ६८ किलो. (सहा टक्के ओल कमी झाली म्हणून ६० किलो, असे घाईने म्हणू नका. दरवर्षी माझ्या वर्गात निम्मी मुले इथे फसतात.) २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने ६८ किलो पाण्याची किंमत ३,३०० रुपयांहून अधिक होते. खरेदी करणारा पाण्याचे पैसे देणार नाही, हे मला न्याय्य वाटते. मला खटकते ते हे की ओल किती हे बाजारातले यंत्र सांगते आणि विकणाऱ्याजवळ त्याला ताडून पाहायला काहीच नसते. ज्याच्याजवळ आकडा नाही, तो वाद घालू शकत नाही.

हे ६८ किलो पाणी उडवायला किती ऊर्जा लागते? एक किलो पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २.४५ दशलक्ष ज्यूल धरले तर एकूण १६७ दशलक्ष ज्यूल, म्हणजे विजेची जवळजवळ ४६ युनिटे. ऑक्टोबरचे ऊन हे काम फुकट करते, फक्त दाणा पातळ थरात पसरायला हवा आणि सूर्य मावळण्यापूर्वी गोळा करून झाकायला हवा. रात्री हवेची आर्द्रता ९० कडे जाते आणि दाणा दिवसभर सोडलेली ओल पुन्हा शोषू लागतो. झाकतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओल्या ढिगावर प्लॅस्टिक गच्च आवळले, तर आतले बाष्प गार प्लॅस्टिकला लागून पुन्हा पाणी होते आणि ढिगावरच ठिबकते. शेतकरी म्हणतात 'ढिगाला घाम आला', ते शास्त्रशुद्ध वर्णन आहे. बाजूने हवा खेळायला जागा ठेवलीच पाहिजे.

बाजारातले ओलमापक यंत्र महाग असते. पण तुमच्या स्वयंपाकघरात एक फुकटचे ओलमापक आहे, ते म्हणजे मीठ. साध्या मिठाचा गुण असा की भोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी शोषते आणि ओलसर होते, त्याखाली ते कोरडेच राहते. काचेची कोरडी बरणी घ्या. तिचा पाऊण भाग सोयाबीनने भरा, तव्यावर तापवून कोरडे केलेले दोन चमचे मीठ टाका, झाकण घट्ट लावा आणि हलवा. बरणी सावलीत ठेवून अधूनमधून हलवीत राहा. काही वेळाने मीठ काचेला चिकटले किंवा त्याचे गोळे झाले, तर बरणीतल्या हवेची आर्द्रता ७५ च्या वर आहे. अशा हवेशी समतोल साधणाऱ्या सोयाबीनची ओल १२ टक्क्यांहून अधिक असते, तेव्हा ते आणखी एक-दोन उन्हे दाखवायला हवे. मीठ सुटे राहिले तर दाणा मर्यादेच्या आसपास आला असे समजा. यंत्राइतका नेमका आकडा मिळणार नाही, पण बाजारात जावे की थांबावे हे ठरवायला एवढे पुरते. मीठ मिसळलेले दाणे मात्र बियाण्यात घालू नका.

माझे मत स्पष्टच सांगतो. तालुक्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेने पोळ्यापासून दिवाळीपर्यंत हवामानाची वही ठेवावी आणि ती गावाला वाचता येईल अशा फळ्यावर लिहावी. लागणारे साहित्य थोडे आहे. पर्जन्यमापकाला सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी चालेल, रोज सकाळी साडेआठला मोजायचे, कारण हवामान खातेही त्याच वेळी मोजते. दोन तपमापके घ्यायची, एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळायचे, की आर्द्रतामापक तयार झाला. आणि ती मिठाची बरणी. डब्यात एक मिलिमीटर पाऊस दिसला तर त्याचा अर्थही मुलांनी सांगावा: चौरस मीटरला एक लिटर, एकराला सुमारे ४,०४७ लिटर. हाच आकडा सोयाबीनच्या ढिगाला शाप आणि हरभऱ्याच्या पेरणीला वरदान ठरतो. एका धुऱ्यावर रडे आणि दुसऱ्या धुऱ्यावर वाफशाची वाट पाहणे, अशी आमची शरद ऋतूची तऱ्हा आहे. फळ्यावर पाऊस किती ते लिहिलेले असेल, तर हरभऱ्याची पाभर किती दिवसांनी घालायची याचाही विचार करता येतो.

यावर आक्षेप येतात. एका शिक्षक मित्राने मला सांगितले, "सगळे मोबाइलवर आहे, कोण डबे मोजत बसणार?" मोबाइलवर आहे हे खरे. हवामान खात्याचा कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि तो चांगला असतो. पण तो जिल्ह्यासाठी असतो. आपल्या गावात काल किती पडला, आज पहाटे दव किती होते, घरातल्या दाण्यात ओल किती, हे कोणत्याही उपग्रहाला माहीत नसते. दुसरा आक्षेप, शेतकऱ्यांना हे सारे कळते, पोरांनी काय सांगावे? कळते, हे मी वर कबूल केले आहेच. पण २०२५ च्या खरिपात आपल्या राज्यात पीकविम्याचे स्वरूप बदलले. काढणीनंतर वावरात पडलेले पीक भिजले तर त्या एका शेतापुरती मिळणारी भरपाई गेली आणि पीककापणी प्रयोगांतून निघणारे मंडळाचे उत्पादन तेवढे आधाराला उरले. म्हणजे एकट्या मामांचा ढीग भिजला, तर तो त्यांचा एकट्याचाच तोटा. अशा वेळी 'कळते' यावर भागवावे असे मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याचे पुरे उत्तर माझ्याजवळ नाही. नेमक्या गरजेच्या दिवसांत शाळेला दिवाळीची सुटी असते. आमच्याकडे एका गावातील मुलांनी यावर तोडगा काढला. डबा आणि तपमापके ज्याचे घर शाळेला सर्वांत जवळ त्याच्या अंगणात नेऊन ठेवली आणि फळ्याऐवजी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद लावला. लक्ष्मीपूजनाच्या दिवसाची नोंद मात्र राहून गेली. त्या चौकटीत मुलाने प्रामाणिकपणे 'मोजले नाही' असे लिहिले आहे. मनाचा आकडा घातला नाही, याचे मला कौतुक वाटते. मामा आता मला अंदाज विचारत नाहीत. सवंगणीच्या आदल्या दिवशी फोन करून विचारतात, "थ्रेशरवाला कवा येते ते पह्यले सांग, मंग आभाळाचं पाहू."